फटी बुजवल्या आणि कोंबड्या शिंकायला लागल्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात : परसात सात कोंबड्या आहेत, सगळ्या दीड वर्षाच्या. गेल्या हिवाळ्यात आठवी एका रात्रीत गेली. सकाळी खुराडं उघडलं तर दांडीखाली पडलेली होती. तो घोर अजून मनातून जात नाही. म्हणून यंदा गारठा सुरू होताच खुराड्याच्या सगळ्या फटी प्लास्टिकच्या कागदाने बंद केल्या आणि रात्रभर मोठा बल्ब लावायला लागले. दहाएक दिवसांनी दोन कोंबड्या शिंकू लागल्या, तिसरीच्या एका डोळ्यात फेस येतो. त्याच्या आधीपासून पिसं गळतायत, दोघींच्या माना तर उघड्या पडल्यात. रोजची पाच-सहा अंडी एकावर आली. गेल्या हिवाळ्यात मात्र अंडी नीट चालू होती. कोंबड्या पाळणाऱ्या एका परिचितांनी अँटिबायोटिकची उरलेली पावडर दिली आहे. ते म्हणतात, सगळ्यांच्याच पाण्यात टाका. भाऊ म्हणतो, आजारी आहेत त्या काढून टाक, बाकीच्या तरी वाचतील. मुलांनी प्रत्येकीला नाव दिलंय. त्यांना थंडी बाधू नये म्हणून आणखी काय करू?

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीपाशी थांबले. ‘थंडी बाधू नये म्हणून आणखी काय करू?’ या प्रश्नात तुम्ही एक गोष्ट आधीच ठरवून टाकली आहे: पिसं, अंडी, शिंका, डोळ्यातला फेस, हे सगळं थंडीचं काम आहे. गेल्या वर्षी एक जीव डोळ्यांदेखत गेल्यावर असं वाटणं मी समजू शकते. पण तुम्हीच लिहिलेला क्रम पुन्हा एकदा पाहा. आधी प्लास्टिक लागलं, मग बल्ब लागला, आणि त्यानंतर दहा दिवसांनी शिंका सुरू झाल्या. पिसं आणि अंडी यांची गोष्ट तर त्याच्याही आधीची. हे सगळं एकाच माळेत ओवलेलं नाही. वेगवेगळं करून पाहिलं की निम्मी काळजी आपोआप उतरेल, असं मला वाटतं.

सुरुवात खुराड्यातल्या हवेपासून करू, कारण ते काम आजच करायचं आहे. आज रात्री कोंबड्या दांडीवर बसून दोन-तीन तास झाले की दार उघडा, गुडघ्यांवर बसा आणि त्यांच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. उभ्याने वास घेऊन उपयोग नाही. कोंबडी ज्या उंचीवर रात्र काढते तिथली हवा हुंगायची. नाकात झणझण झाली किंवा डोळ्यांत पाणी आलं तर तो अमोनिया आहे, आणि माणसाला जाणवण्याइतका असेल तर कोंबडीला तो केव्हाच जास्त झालेला असतो. मग हात वर करून प्लास्टिकच्या आतल्या बाजूवरून फिरवा. हात ओला झाला तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

ही ओल येते कुठून? कोंबडीच्या ताज्या शिटेत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असतं. शिवाय प्रत्येक श्वासाबरोबर ती वाफ सोडते. सात कोंबड्या रात्रभर बंद खोलीत म्हणजे हा सगळा ओलावा आतच. तो गार प्लास्टिकला लागून पुन्हा त्यांच्याच अंगावर आणि खालच्या भुशावर ठिबकतो. ओल्या भुशात शिटेचा अमोनिया होतो, आणि बल्बच्या उबेने तो आणखी जोमाने होतो. कोंबडीच्या श्वासनळीला आतून केसांसारखे बारीक तंतू असतात. धूळ आणि जंतू बाहेर ढकलणं हे त्यांचं काम. अमोनियाने ते आधी मंदावतात, मग झडायला लागतात. एरवी अंगात गप्प पडून असलेल्या जंतूंना मग मोकळं रान मिळतं. त्यात कोंबडीच्या फुप्फुसांना नऊ हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि त्यांच्या शाखा काही हाडांच्या पोकळीपर्यंत जातात. म्हणून नाकातलं दुखणं तिच्या अंगात खोलवर उतरायला वेळ लागत नाही.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीसुद्धा गोणपाटं लावून खुराडं चहूबाजूंनी बंद केलं होतं. सकाळी दार उघडलं की उबदार वाफेचा लोट तोंडावर यायचा आणि मला समाधान वाटायचं की आत किती छान ऊब आहे. पंधरा दिवसांत तीन कोंबड्यांचे डोळे पाणावले आणि एकीची रात्रीची घरघर दारापर्यंत ऐकू यायला लागली. गोणपाटं काढली, भुसा बदलला, तेव्हा दोघी आठवड्याभरात सुधारल्या. तिसरीला औषध लागलं. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलंय की हिवाळ्यात पहिल्यांदा ओल पाहायची, थर्मामीटर नंतर.

थंडीशी लढायची कोंबडीची तयारी आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ मोठी असते. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. वरच्या पिसांखाली मऊ लव असते, त्यात हवा अडकते आणि तेच तिचं पांघरूण. रात्री दांडीवर बसलेली कोंबडी नीट पाहा. अंग फुलवून ती पोटाची पिसं पायांवर घेते आणि मान वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसते. पोट भरलेली, कोरडी आणि थेट वाऱ्यात नसलेली धडधाकट मोठी कोंबडी शून्याखालची रात्रही काढते. पण हे पांघरूण ओलं झालं किंवा वाऱ्याच्या झोताने विस्कटलं की गेलं. जिथे पाणी गोठतं तिथे तुऱ्याची टोकं काळी पडतात, आणि दमट खुराड्यात हे प्रमाण जास्त असतं. म्हणजे जास्त बंदोबस्त केल्यानेच कोंबड्या गारठायची वेळ येते.

म्हणून प्लास्टिक सगळं काढून टाकू नका, जागा बदला. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला जमिनीपासून दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापर्यंत राहू द्या. त्याच्या वर, छताखाली, समोरासमोरच्या दोन भिंतींना हात जाईल एवढी उघडी पट्टी ठेवा आणि तिला बारीक, मजबूत जाळी मारा, म्हणजे शिकारी प्राणी शिरणार नाहीत. गरम दमट हवा वर चढते, ती तिथून निघून जाईल आणि झोत कोंबड्यांच्या डोक्यावरून जाईल. खालचा भुसा मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर भुसा बदलायची वेळ झाली, सुटा झाला तर ठीक. दांडीखालची शीट रोज सकाळी खरवडून काढली तर अर्धी ओल तिथेच संपते. दोन मिनिटांचं काम आहे आणि मुलं आनंदाने करतात. हात मात्र साबणाने धुतलेच पाहिजेत, कारण धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या शिटेतही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. त्याच कारणाने कोंबडीची पापी घेऊ नये, हे लहानांना प्रेमाने सांगून ठेवा.

आता बल्ब. तो मला प्लास्टिकपेक्षा जास्त काळजीत टाकतो. कोरडा भुसा, उडणारी पिसं आणि रात्रभर तापलेला बल्ब यांतून खुराडी पेटल्याच्या घटना दर हिवाळ्यात घडतात. शिवाय रात्रभर उजेडात कोंबड्यांना नीट झोप लागत नाही. आणि नेमकी वीज गेली, तर उबेची सवय झालेल्या कोंबड्या एका तासात आगीतून फुफाट्यात. तो एकदम बंद करू नका. त्यांना पंधरा दिवस सवय झाली आहे आणि दोघींच्या अंगावर पिसं कमी आहेत. कमी वॅटचा लावा, रोज थोडा लवकर मालवा आणि आठवड्याभरात काढून टाका. ऊब खरोखर लागते ती पिल्लांना. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत न्यायचे. आजारी किंवा जवळजवळ बोडक्या झालेल्या कोंबडीलाही तात्पुरती सोय करावी, पण घरात, खोक्यात, नजरेसमोर.

पिसं आणि अंड्यांकडे वळते, कारण इथे मला तुम्हाला फक्त धीर द्यायचा आहे. तुमच्या कोंबड्या दीड वर्षाच्या आहेत. दिवस लहान व्हायला लागले की साधारण याच वयात त्यांची पहिली मोठी पिसगळ होते. गेल्या हिवाळ्यात त्या तलंगा होत्या, नुकत्याच अंड्यावर आलेल्या. अशा तलंगा पहिला हिवाळा बऱ्याचदा पिसं न गाळता, अंडी देत काढतात. म्हणून गेल्या वर्षीशी तुलना करून यंदा काहीतरी बिघडलंय असं वाटलं. बिघडलेलं काही नाही. जुनी पिसं टाकून नवी आणणं हे मोठं काम आहे. पिसाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग प्रथिनांचा असतो. तेवढी प्रथिनं अंगावर खर्च होत असताना अंड्याला उरत नाहीत. हे साधारण दोन-तीन महिने चालतं, कुणाचं लवकर आटोपतं, कुणाचं रेंगाळतं.

साधी पिसगळ ओळखायची खूण म्हणजे तिचा क्रम. ती डोक्या-मानेपासून सुरू होते, मग छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट. तुम्ही लिहिलेल्या उघड्या माना त्यात चपखल बसतात. जवळून पाहिलंत तर उघड्या कातडीवर बोरूच्या टोकांसारखे निळसर खुंट दिसतील. ती नवी पिसं. त्यांच्यात रक्त खेळत असतं आणि हात लागला की कोंबडीला दुखतं, म्हणून या दिवसांत उगाच उचलाउचल नको. याउलट पाठीवरची पिसं मधूनच तुटलेली असतील तर टोचाटोची चालली आहे. शिटेच्या जागेभोवतीच उघडं पडलं असेल तर उवा किंवा माइट (अंगावरची अगदी बारीक कीड) बघायच्या.

खाद्य या काळात थोडं वजनदार करा. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साधारण १६ टक्के प्रथिनं असतात, पिसगळीत १८ ते २० टक्के बरी. त्यासाठी वेगळं खाद्य आणलं तर अंड्याच्या कवचाला लागणाऱ्या कॅल्शियमसाठी शिंपल्याचा चुरा निराळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल. थंडीत दाण्याची मूठ सैल सुटते, हे मी स्वतःवरून सांगते. दाणे टाकताना आपल्यालाच बरं वाटतं. पण दाणा आणि खाऊ मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, नाहीतर पोट भरतं आणि प्रथिनं राहून जातात. कृत्रिम उजेड देऊन दिवस चौदा तासांचा केला तर अंडी पुन्हा सुरू होऊ शकतात, हे खरं आहे. माझं मत विचाराल तर यंदा राहू द्या. अंगावर पिसं नाहीत, घरात शिंका आहेत, अशा वेळी त्यांना विश्रांती मिळू दे.

पाणी मात्र विसरू नका. अंड्याचा तीन-चतुर्थांश भाग पाण्याचाच असतो, आणि कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. बर्फगार पाणी ती टाळते, मग खाणंही कमी होतं. सकाळी आणि दुपारी कोमट पाणी बदलून दिलं तरी फरक दिसतो. भांडं रात्री खुराड्याबाहेर ठेवा, आत तेवढीच ओल कमी.

आता शिंका आणि तो फेसाळ डोळा. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. नुसत्या अमोनियानेही डोळे चुरचुरतात आणि शिंका येतात. तसं असेल तर हवा मोकळी झाल्यावर पाच-सहा दिवसांत उतार पडायला हवा. पण डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे आणि सोबत घरघर, हे मायकोप्लाझ्माचं नेहमीचं रूप आहे. पोल्ट्रीवाले त्याला सीआरडी, म्हणजे श्वसनाचा जुनाट आजार, म्हणतात. हा जंतू अंगात मुक्काम ठोकून बसतो. औषधाने लक्षणं उतरतात, पण कोंबडी पूर्ण जंतुमुक्त झाली असं धरून चालता येत नाही, आणि थंडी, पिसगळ, कोंडलेली हवा असा ताण आला की तो पुन्हा डोकं वर काढतो. चेहरा एका बाजूने सुजला आणि नाकाच्या स्रावाला कुजका वास यायला लागला तर कोरायझाची, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या साथीच्या सर्दीची, शंका घ्यावी. एक-दोन दिवसांत सगळा कळपच शिंकायला लागला आणि पुढे अंडी सुरकुतलेल्या कवचाची, आत पाण्यासारख्या पांढऱ्याची आली, तर तो ब्राँकायटिस असू शकतो. तो विषाणूचा आजार आहे. बाहेरून पाहून या तिघांत खात्रीने फरक करणं अवघड असतं. मलाही ते जमत नाही, म्हणून पशुवैद्याला दाखवा असं मी आग्रहाने सांगते.

याच कारणाने ती पावडर पाण्यात टाकू नका. तुमच्या परिचितांचा हेतू चांगलाच आहे, त्यांना कधीतरी तिचा गुणही आला असेल. पण विषाणूवर ती काहीच करत नाही. जंतू असला तरी कोणत्या औषधाला तो दाद देतो हे आपल्याला माहीत नाही. आणि आजारी कोंबडी पाणी कमी पिते, म्हणजे जिला औषध हवं तिच्या पोटात ते अपुरं जातं आणि ज्यांना नको त्या पोटभर पितात. अपुऱ्या औषधाने जंतू चिवट होतात. शिवाय औषध अंड्यात उतरतं आणि ती अंडी मुलांच्या ताटात जातात. पशुवैद्यांनी औषध दिलं तर दोन गोष्टी विचारून घ्या: किती दिवस द्यायचं आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका.

भावाच्या बोलण्याचं तुम्हाला वाईट वाटलेलं दिसतं. त्याचं म्हणणं निर्दयी नाही. ज्यांचं पोट मोठ्या कळपावर आहे ते कधीकधी असाच निर्णय घेतात. पण तुमच्या सातही जणी दहा दिवस एकाच भांड्यातून पाणी पितायत, एकाच कोंडलेल्या हवेत झोपतायत. जे पसरायचं ते बहुधा पसरलं आहे. आज दोघी-तिघी काढल्याने उरलेल्या वाचतील असं मला वाटत नाही. कोंबडी खात नाही, उभी राहत नाही, तोंड उघडून श्वास घेते आणि पशुवैद्यही उपाय नाही म्हणतात, तेव्हा तिला वेदनेतून सोडवण्याचा प्रश्न वेगळा, आणि तेव्हा तो विचार करण्यात काही गैर नाही. आजारी कोंबडी कापून खाऊ मात्र नये, आणि दुसऱ्या कुणाला पाळायलाही देऊ नये. मायकोप्लाझ्मा निघाला तर पुढेही तुमच्याकडची कोंबडी बाहेर देणं बंद, हे आत्ताच ठरवून टाका. नवी आणायची झाली तर ती निदान महिनाभर वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांवर ठेवायची आणि तिचं काम रोज शेवटी करायचं.

फेसाळ डोळ्याचीला आजच वेगळं काढा. मोठं खोकं, कोरडा भुसा, वारा न लागणारी पण हवेशीर जागा, पाणी तोंडाशी. कोमट पाण्यात अगदी थोडं मीठ टाकून, एका कप पाण्याला पाव चमचा पुरे, स्वच्छ कापसाने डोळा बाहेरच्या बाजूला पुसून घ्या, प्रत्येक वेळी नवा कापूस. तिला धरताना छातीवर दाब येऊ देऊ नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच तिचा श्वास चालतो. मुलं प्रेमाने घट्ट कवटाळतात, त्यांना हे दाखवून द्या.

बाकीच्यांची तपासणी रात्री, दांडीवर बसल्यावर करा. आधी काही न करता दोन मिनिटं अंधारात उभं राहून ऐका. दिवसाच्या कलकलाटात हरवणारी घरघर, टिक-टिक असा आवाज तेव्हा स्वच्छ कळतो. मग एकेकीला हळूच उचला. छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर ती बऱ्याच दिवसांपासून खंगते आहे, फुललेल्या पिसांमुळे ते दिसलं नाही एवढंच. कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळी दिसली तर बाकीच्या तिलाच टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत दाणे टिपल्याचं सोंग करते. तुम्हाला गेल्या वर्षी काहीच लक्षण दिसलं नाही त्यामागे हेही असू शकतं.

मग शेपटीखालची पिसं बोटांनी बाजूला करा आणि टॉर्च मारा. उवा असतील तर पिवळसर, चपट्या, उजेड पडताच पळताना दिसतील, आणि पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे पुंजके साखर चिकटल्यासारखे. पिसं काळपट, तेलकट, मळल्यासारखी असतील तर कोंबडीच्या अंगावरच राहणारी माइट आहे. ही थंडीत वाढते, आणि हिवाळ्यात कीटक नसतात असं समजून आपण तपासायचंच सोडून देतो. फिकट तुरा, अंडी बंद, मलूल कोंबडी, आणि आपण थंडीला दोष देत बसतो, खाली मात्र रक्त शोषलं जात असतं. लाल माइट निराळी. ती दिवसा लाकडाच्या खाचांत लपते आणि रात्री चावते. पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने घासा, लाल रेघा उमटल्या तर ती आहे. औषध अंड्यावरच्या कोंबडीला चालेल असंच पशुवैद्याकडून घ्या आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्या, कारण पहिल्या खेपेला किड्यांची अंडी मरत नाहीत. लाल माइट असेल तर खुराड्याच्या खाचाही साफ कराव्या लागतील. छपराखाली कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख टोपलीभर ठेवा. हिवाळ्यात अंगण ओलं असलं की त्यांची मातीत लोळायची सोय जाते, आणि अंगावरचे कीटक कमी ठेवायचा त्यांचा स्वतःचा उपाय तोच.

हातात आहे तोवर पायही पाहून घ्या. खवले उचकटलेले, खडबडीत झाले असतील तर ती पायाची माइट. दर दोन-तीन दिवसांनी पेट्रोलियम जेली जाड थराने लावत राहिलं की महिन्या-दोन महिन्यांत पाय गुळगुळीत होतात. तळव्याला काळी खपली आणि सूज असेल तर जंतू शिरला आहे. ती घरी कापू नका. सकाळी दाणे घालण्याआधी गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी लागली पाहिजे. भरलेली, थुलथुलीत आणि तोंडाला आंबूस वास असेल तर तेही दाखवण्यासारखं. शीट रक्ताळली तर पशुवैद्याला कळवायला उशीर करू नका. ओल्या भुशात रक्ती हगवण लवकर वाढते, विशेषतः लहान पिल्लांत.

काही लक्षणांत घरगुती उपायांत एक तासही घालवायचा नाही. मान पिळवटणं, पाय लुळे पडणं, हिरवट पातळ शीट आणि भराभर मरतुक, हे राणीखेत, म्हणजे मानमोडीचं लक्षण असू शकतं. तिच्यावर उपचार नाही, लस आहे. तुमच्या कोंबड्यांना ती दिली होती का आणि पुन्हा केव्हा द्यायची, हे या भेटीत विचाराच. आजारी कळपाला लस कधी द्यायची ते त्यांनाच ठरवू द्या. तुरा निळा-जांभळा, डोकं सुजलेलं आणि एकाएकी दोन-चार मेल्या, तर बर्ड फ्लूची शक्यता धरून चालायचं. हिवाळ्यात स्थलांतर करणारे पाणपक्षी तो घेऊन फिरतात, म्हणून दाणा-पाणी उघड्यावर ठेवू नये. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी शिवायचं नाही, मुलांना लांब ठेवायचं आणि सरकारी पशुवैद्यकीय खात्याला लगेच कळवायचं. तुमच्या पत्रातलं काहीही याच्या जवळ जात नाही, हेही सांगते.

गेल्या वर्षीची ती आठवी. तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण सगळं पत्र तिच्याभोवती फिरतंय. ती थंडीने गेली असं तुम्ही धरून चालला आहात, आणि म्हणून आपण कमी पडलो असंही. जी कोंबडी आदल्या दिवशी धड होती आणि तिच्या सात बहिणी त्याच दांडीवर, त्याच रात्री सुखरूप राहिल्या, ती निव्वळ गारठ्याने गेली असेल असं मला वाटत नाही. तलंगांमध्ये अंडं अडकणं, हृदय बंद पडणं, पोटात रक्तस्राव होणं, अशी कितीतरी कारणं असतात आणि बाहेरून एकही दिसत नाही. कोणतं होतं ते आता कळायला मार्ग नाही. पुन्हा कधी अशी वेळ आली, एकच कोंबडी आणि बाकीच्या ठणठणीत, तर हातमोजे घालून तिला दोन पिशव्यांत बांधा, बर्फ घातलेल्या खोक्यात ठेवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाला न्या. गोठवू नका, गोठवल्यावर तपासणी नीट होत नाही. कारण कळलं तर बाकीच्यांसाठी काय करायचं तेही कळतं, आणि रात्री-अपरात्री मनात येणारा तो प्रश्न एवढा छळत नाही.

डोळ्याचीला खोक्यातून परत कधी सोडायचं, हे पुढच्या आठवड्यात तुमच्यासमोर येईलच. डोळा कोरडा, सलग चार-पाच दिवस घरघर नाही, खाणं पूर्ववत आणि औषध चालू असेल तर त्याचा कोर्स पूर्ण, असं झाल्यावर सोडा. तोवर दिवसा तिचं खोकं बाकीच्यांना दिसेल अशा ठिकाणी, पण चार हात दूर ठेवा, म्हणजे त्या तिला परकी मानणार नाहीत. सोडायचं ते अंधार पडल्यावर. सगळ्या दांडीवर बसल्या की तिला अलगद दोघींच्या मध्ये ठेवा. सकाळी जरा लवकर उठून खुराडं उघडा आणि त्या दिवशी दाण्याची भांडी एकाऐवजी तीन ठेवा, एकमेकांपासून लांब.